चाक आत किती आणि बाहेर किती : ट्रकसाठी ऑफसेट आणि बॅकस्पेसिंग समजून घेताना

नवे चाक घेताना बोल्टची संख्या, त्यांच्या वर्तुळाचा व्यास आणि मधल्या छिद्राचे माप जुळले, की निवड झाली असे बहुतेकांना वाटते. ही तिन्ही मापे चाक हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागाला ते बोल्टने आवळले जाते त्यावर, चढेल की नाही एवढेच सांगतात. चढलेले चाक गाडीच्या आडव्या दिशेने नेमके कुठे बसेल, म्हणजे ते आत सस्पेन्शनला टेकेल की बाहेर मडगार्डच्या पुढे डोकावेल, हे ऑफसेट आणि बॅकस्पेसिंग या दोन मापांवर ठरते. ही मापे एकाच गोष्टीची दोन नावे असल्यासारखी वापरली जातात आणि गणिताने एकातून दुसरे काढताही येते. मात्र बॅकस्पेसिंग रिमच्या आतल्या कडेविषयी बोलते आणि ऑफसेट टायरच्या जागेविषयी. गाडीत अडचण रिमची आहे की टायरची, हे आधी ओळखले तर कोणते माप महत्त्वाचे आहे ते आपोआप कळते.

पुढील विवेचनात चाकाचा जो सपाट भाग हबला चिकटतो त्याला बैठक म्हटले आहे.

चाकाच्या रुंदीच्या बरोबर मधून एक रेषा काढली, तर त्या मध्यरेषेपासून बैठकीपर्यंतचे अंतर म्हणजे ऑफसेट. ते मिलिमीटरमध्ये देतात. बैठक मध्यरेषेवरच असेल तर ऑफसेट शून्य असतो. बैठक मध्यरेषेपासून रस्त्याच्या बाजूला, म्हणजे चाकाच्या दर्शनी भागाकडे सरकलेली असेल तर ऑफसेट धन, आणि ब्रेकच्या बाजूला असेल तर ऋण. येथे अनेकांचा गोंधळ होतो, कारण बैठक बाहेर सरकली की चाक आत जाते. हब जागचा हलत नाही. हलते ते बैठकीभोवतीचे चाक, हे लक्षात ठेवले की चिन्हे उलटी वाटत नाहीत. चाकावर हा आकडा बहुधा आऱ्यांच्या मागील बाजूस ‘ईटी’ या अक्षरांनंतर कोरलेला असतो. ती अक्षरे ‘आइनप्रेसटीफ’ या जर्मन शब्दावरून आली आहेत. जड वाहनांच्या कागदपत्रांत धन ऑफसेटला इनसेट आणि ऋण ऑफसेटला आउटसेट असेही म्हणतात.

बॅकस्पेसिंग म्हणजे बैठकीपासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचे अंतर. ते बहुधा इंचात सांगितले जाते आणि घरच्या घरी मोजता येते. जमिनीवर जाड कापड अंथरून चाक दर्शनी बाजू खाली करून ठेवावे, मागच्या कडेवर एक सरळ पट्टी आडवी टाकावी आणि पट्टीच्या खालच्या बाजूपासून बैठकीपर्यंतची खोली मोजावी. टायर चढवलेला असेल तर पट्टी टायरवर नव्हे, तर रिमच्या कडेवरच टेकली पाहिजे. टायरचा फुगवटा रिमच्या वर आलेला असतो आणि तो धरून मोजले तर माप प्रत्यक्षापेक्षा मोठे येते.

एका मापावरून दुसरे काढताना सर्वाधिक चुका रुंदीपाशी होतात. ९ इंची चाकातील ९ हा आकडा टायर जिथे बसतो त्या दोन जागांमधील अंतर आहे, बाहेरील कडेपासून कडेपर्यंतचे नव्हे. दोन्ही कडांची जाडी मिळून साधारण १ इंच भरते, म्हणून ९ इंची चाक प्रत्यक्षात सुमारे १० इंच रुंद असते. हिशेब या एकूण रुंदीच्या निम्म्यावर करायचा असतो. एकूण रुंदीचा अर्धा भाग घ्यावा, ऑफसेटला २५.४ ने भागून तो इंचात आणावा आणि चिन्हासह मिळवावा. येणारी बेरीज म्हणजे बॅकस्पेसिंग. ९ इंची चाकाचा ऑफसेट उणे १२ असेल तर ५ मधून ०.४७ वजा होऊन सुमारे ४.५३ इंच उत्तर येते. हाच हिशेब साडेचार इंचांपासून सुरू केला, तर अर्ध्या इंचाची, म्हणजे जवळजवळ १३ मिलिमीटरची चूक होते आणि तेवढी मोकळी जागा पुष्कळ गाड्यांत नसतेच. कडांची जाडी चाकागणिक थोडी बदलते, त्यामुळे चाक हाताशी असेल तर एकूण रुंदी स्वतः मोजावी.

आता मूळ मुद्द्याकडे यावे. ८, ९ आणि १० इंची अशी तीन चाके घेतली आणि तिन्हींचे बॅकस्पेसिंग साडेचार इंच आहे असे मानले, तर त्यांचे ऑफसेट अनुक्रमे शून्य, उणे १२.७ आणि उणे २५.४ येतात. तिन्ही चाकांची आतली कड अगदी एकाच जागी असते आणि वाढलेली सगळी रुंदी बाहेर जाते. याउलट तिन्हींचा ऑफसेट सारखा ठेवला, तर वाढीव रुंदी आत आणि बाहेर निम्मी-निम्मी वाटली जाते. म्हणून ‘माझ्या गाडीला अमुक ऑफसेट चालतो’ असे कोणी सांगितले, तर रुंदी आणि टायर विचारल्याशिवाय त्या सल्ल्याला फारशी किंमत देऊ नये.

प्रत्यक्ष तुलना अशी करावी. गाडीला ८ इंची, अधिक ३० ऑफसेटची चाके आहेत आणि ९ इंची चाके घ्यायची आहेत असे धरू. पहिला पर्याय शून्य ऑफसेटचा आहे. रुंदीतील फरकाचा अर्धा, म्हणजे १२.७ मिलिमीटर, दोन्ही बाजूंना वाढतो आणि संपूर्ण चाक ३० मिलिमीटर बाहेर सरकते. त्यामुळे रिमची आतली कड सस्पेन्शनपासून १७.३ मिलिमीटर दूर जाते आणि बाहेरची कड ४२.७ मिलिमीटर बाहेर येते. दुसरा पर्याय अधिक १८ ऑफसेटचा आहे. येथे चाक १२ मिलिमीटरच बाहेर सरकते, आतली कड जवळजवळ जुन्याच जागी, फक्त ०.७ मिलिमीटर आत येते आणि बाहेरची कड २४.७ मिलिमीटर पुढे जाते.

हे झाले रिमचे. टायरच्या भिंतीचा हिशेब वेगळा आहे, कारण टायर रिमपेक्षा रुंद असतो आणि रिम रुंद झाली म्हणून तो तेवढाच रुंद होत नाही. रिम अर्ध्या इंचाने वाढली की टायर साधारण ५ मिलिमीटरने फाकतो. टायरसाठी फक्त मध्यरेषा किती सरकली आणि टायरची प्रत्यक्ष रुंदी किती वाढली एवढेच पाहावे. वरील दोन पर्यायांत नवा टायर नव्या रिमवर जुन्यापेक्षा २० मिलिमीटर रुंद भरला, तर प्रत्येक बाजूला १० मिलिमीटर धरावेत. शून्य ऑफसेटला टायरची आतली भिंत २० मिलिमीटर दूर जाईल आणि बाहेरची ४० मिलिमीटर पुढे येईल. अधिक १८ ला आतली भिंत २ मिलिमीटर दूर आणि बाहेरची २२ मिलिमीटर पुढे येईल. स्टीअरिंगने चाक वळवणाऱ्या टाय रॉडचे टोक रिमच्या पोकळीत शिरलेले असते, तेथे रिमचा हिशेब लागतो. सस्पेन्शनची वरची आर्म, शॉक ॲब्सॉर्बर, पाटे, चेसिस आणि मडगार्ड यांच्यासाठी टायरचा.

या आकड्यांना अर्थ येण्यासाठी गाडीत सध्या किती जागा आहे ते माहीत हवे. पुढची चाके सरळ असताना, पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून, अशा तिन्ही स्थितींत टायर आणि जवळच्या प्रत्येक भागामधील सर्वांत कमी अंतर मोजून लिहून ठेवावे. बाहेरच्या बाजूसाठी मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडला, तर टायर आत किती आहे ते लगेच दिसते. उभ्या गाडीत मोजलेले अंतर खड्ड्यात चाक वर दबल्यावर तेवढेच राहत नाही, म्हणून आतून किमान १० मिलिमीटर राखीव ठेवणे मला योग्य वाटते. मागच्या चाकांचे काम यामानाने सोपे असते. पाटे आणि चाकाजवळची बॉडी पाहिली की बहुधा पुरते.

आत जागा मिळावी म्हणून ऋण ऑफसेटकडे जाण्याचा मोह होतो, पण बाहेर सरकलेल्या चाकाचा स्वतःचा हिशेब असतो. वळताना चाक ज्या अक्षाभोवती फिरते, त्या अक्षापासून ते जितके दूर जाईल तितका त्याचा फेर मोठा होतो. त्यामुळे सरळ उभ्या गाडीत कुठेही न टेकणारा मोठा टायर पूर्ण वळणावर बंपरच्या कोपऱ्याला किंवा मडगार्डच्या मागच्या भागाला घासतो. त्या अक्षाची रेषा जमिनीला जिथे मिळते तो बिंदू आणि टायरच्या टेकण्याचा मध्य यांच्यातील अंतराला स्क्रब रेडियस म्हणतात. ऑफसेट कमी केला की तेवढेच ते अंतर बदलते आणि खड्ड्यांचे धक्के स्टीअरिंगपर्यंत अधिक पोहोचतात. दोन्ही बाजूंच्या ब्रेकची पकड असमान असेल तर गाडी एका बाजूला अधिक ओढली जाते. हबच्या बेअरिंगवरही तरफेचा ताण वाढतो, कारण भाराची रेषा बेअरिंगच्या जोडीपासून बाहेर जाते. शिवाय चिखल आणि खडी दरवाजांवर उडते, तो त्रास वेगळाच. दिखाव्यासाठी ४०–५० मिलिमीटर बाहेर काढलेली चाके मला पटत नाहीत. ओझे वाहणाऱ्या गाडीला तर मुळीच नाहीत.

हब आणि चाक यांच्यामध्ये घालायच्या चकतीचा, म्हणजे स्पेसरचा, हिशेब सरळ आहे: २० मिलिमीटरचा स्पेसर लावला की अधिक ३५ चे चाक अधिक १५ सारखे बसते आणि बॅकस्पेसिंगही तितकेच घटते. वर सांगितलेले सगळे परिणाम तेथेही लागू होतात, आणि सांधा एकाने वाढतो.

मागे जोडचाके असलेल्या ट्रकमध्ये ऑफसेट आणखी एक काम करतो. एकाच मापाची दोन चाके पाठीला पाठ लावून बसवलेली असल्यामुळे त्यांच्या मध्यरेषांमधील अंतर ऑफसेटच्या दुप्पट असते. ऑफसेट १६८ मिलिमीटर असेल तर हे अंतर, म्हणजे मध्यांतर, ३३६ होते. त्यावर २७५ मिलिमीटर रुंद टायर चढवले तर दोन टायरांमध्ये ६१ मिलिमीटर उरतात, आणि भार पडल्यावर टायर खाली फुगतात तेव्हा तेही कमी होतात. म्हणून जोडचाकांना टायर एक माप रुंद घ्यायचा विचार असेल तर उत्पादकाने दिलेले किमान मध्यांतर आधी तपासावे. टायर एकमेकांना घासले तर तापतात आणि भिंती फाटतात.

ऑफसेट बरोबर असूनही चाक ब्रेकच्या कॅलिपरला अडू शकते. आऱ्यांची मागची बाजू किती आत वळली आहे हे चाकाच्या घडणीवर अवलंबून असते आणि ते ऑफसेटच्या आकड्यातून कळत नाही. यावर उपाय एकच आहे: टायर चढवण्याआधी नुसते चाक हबवर लावून, नट हाताने आवळून ते एक पूर्ण फेरा फिरवून पाहावे. टायर चढल्यावर पुन्हा दोन्ही टोकांपर्यंत स्टीअरिंग फिरवावे, मागे ओझे भरून तीच तपासणी करावी, आणि पहिल्या ८० ते १६० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने नट पुन्हा एकदा ठरलेल्या मापाने आवळावेत. स्टेपनी जुन्या मापाची राहणार असेल, तर नवे नट त्या चाकालाही बसतात का, हे घरी असतानाच पाहून घ्यावे.