नळ स्टॉप आला की सुटला पाहिजे: मोबाइलवरचे टाइमपास गेम कसे पारखावेत

मागच्या पावसाळ्यात पुण्यात रामवाडीहून मेट्रोत बसले. उतरायचं होतं नळ स्टॉपला. मोबाइलवर रंगीत गोट्या जुळवत होते, 'एवढा डाव झाला की उठते' असं दोनदा मनाशी म्हणाले, आणि मान वर केली तेव्हा डबा रिकामा होत होता. वनाज. पुढे मार्गच नाही म्हणून गाडी थांबली, नाहीतर कुठे गेले असते कोण जाणे. तीन स्टेशनं उलटी आले.

गेम वाईट नव्हता, पण या प्रवासाच्या कामाचा नव्हता. टाइमपास गेम आपण सोडला की त्यानेही आपल्याला सोडलं पाहिजे. तेव्हापासून कुठलाही नवा गेम मी याच कसोटीवर लावते. मंडईत आंबेवाला एक फोड कापून हातावर ठेवतो, तशी फोड इथेही चाखता येते. फक्त ती कुठून कापायची ते माहीत हवं.

आधी काही उतरवूच नका

मोबाइलच्या ब्राउझरमध्ये गूगलवर इंग्रजीत 'सॉलिटेअर' किंवा 'स्नेक' शोधा. गेम तिथेच उघडतो, ॲप लागत नाही. २०४८ हा आकडे सरकवायचा गेमही ब्राउझरमध्ये चालतो. गॅब्रिएले चिरुली या इटालियन मुलाने तो २०१४ मध्ये बनवला आणि फुकट खुला केला. अर्धा तास हे तीन खेळून बघा. आपल्याला पत्ते लावायला आवडतात, आकडे जुळवायला आवडतात की बोटांची धावपळ आवडते, ते लगेच कळतं.

त्याहून महत्त्वाचा फरक इथेच लक्षात येतो. काही गेम तुमच्यासाठी थांबतात, काही थांबत नाहीत. २०४८ मध्ये तुम्ही बोट फिरवेपर्यंत पान हलत नाही. शेजारच्या आजींनी 'डेक्कन गेलं का हो?' विचारलं तर उत्तर देऊन परत येता येतं. सबवे सर्फर्समधला पोरगा मात्र पळतच असतो. मान वर केली की आपटला! दोन्ही मजेचेच, पण प्रवासात पहिला प्रकार बरा, आणि दुसरा घरी सोफ्यावर.

उभ्याने जाणार असाल तर एक हात दांडीला असतो. म्हणून मोबाइल उभा धरून एका अंगठ्याने खेळता येईल असाच गेम निवडा. आडव्या पडद्याच्या गेमला दोन्ही हात लागतात, आणि ब्रेक लागला की आपण समोरच्याच्या अंगावर.

स्टोअरचं पान नीट वाचा

प्ले स्टोअरवर गेमच्या नावाखाली बारीक अक्षरांत दोन गोष्टी असतात: जाहिराती आहेत का आणि ॲपमध्ये खरेदी आहे का. 'या ॲपविषयी' उघडून खाली गेलात की एका खरेदीची किंमत किती रुपयांपासून किती रुपयांपर्यंत आहे तेही दिसतं. वरचा आकडा हजारांत असेल तर हा गेम कुणाच्या तरी खिशावर चालतो हे ओळखा. अभिप्राय वाचताना सर्वात नवे आधी लावून घ्या. तीन वर्षांपूर्वीच्या पाच चांदण्या आज काही सांगत नाहीत.

'खेळा आणि रोख जिंका' असं कुठे दिसलं तर पुढे जाऊच नका. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी गेमची फाइल पाठवली तर तीही उतरवायची नाही, पाठवणारा कितीही जवळचा असला तरी.

एका वेळी दोनच गेम घ्या. सात घेतले की एकाचीही पारख होत नाही. पहिल्यांदा उघडल्यावर पाहुणा म्हणून खेळायची सोय असेल तर ती घ्या. संपर्क, लोकेशन, नोटिफिकेशन, जे जे विचारेल त्याला नकार द्या. गोट्या जुळवायला तुमची फोनबुक कशाला हवी? नकार दिल्यावर गेम चालेनासा झाला तर काढून टाका.

मग खरी परीक्षा

पहिला डाव विमान मोड लावून खेळा. चालला तर उत्तम, कारण शिवाजीनगर ते स्वारगेट मेट्रो जमिनीखालून जाते आणि नेटच्या भरवशावर राहून चालत नाही. मग नेट सुरू करा आणि दहा मिनिटांत किती जाहिराती येतात ते मोजा. डाव संपल्यावर एखादी आली तर मी चालवून घेते. डावाच्या मधे आली तर नाही.

जाहिरातीच्या फुलीकडेही लक्ष द्या. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू एकदा मोबाइल घेऊन वर आल्या. "अगं, हे बंदच होत नाही गं! फुली दाबली की दुकान उघडतं." ती फुली म्हणजे जाहिरातीतलं नुसतं चित्र होतं. खरी दुसऱ्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि तीही काही सेकंदांनी उगवणारी. अशा गेमला दुसरी संधी नाही. काकूंनी तो काढायच्या आधी त्याला दोन शिव्या घातल्या, त्या इथे लिहीत नाही.

आता स्टेशनची परीक्षा. डाव ऐन रंगात असताना मोबाइलचं बाजूचं बटण दाबून पडदा बंद करा आणि खिशात टाका. अर्ध्या तासाने उघडा. डाव होता तिथेच असेल तर पास. पहिल्यापासून सुरू झाला, किंवा 'तुम्ही परत आलात, हे घ्या बक्षीस' म्हणून चार पाट्या पुढे आल्या, तर नापास.

पुण्याच्या पावसात अजून एक करायचं: ओल्या बोटांनी खेळून बघायचं. पडदा बोटाचा दाब मोजत नाही. बोट टेकल्यावर तिथल्या विद्युतभारात पडणारा फरक तो ओळखतो, आणि पाण्याचा थेंबही असाच फरक पाडतो. म्हणून बसस्टॉपवर गेम आपोआप चाली खेळतो, यात गेमचा दोष नसतो. रुमालाने पडदा पुसा, मग निकाल द्या. कडेपासून बोट ओढायच्या गेममध्ये काही मोबाइल 'मागे जा' असं समजून गेममधून बाहेर काढतात. तसं होत असेल तर सेटिंग्जमध्ये कडेच्या जेश्चरची संवेदनशीलता कमी करून बघा.

तीन दिवसांनी

बरेच गेम पहिल्या दिवशी लाडात घेतात. हातचलाखी तिसऱ्या दिवशी दिसते. कँडी क्रशमध्ये पाच जीव मिळतात आणि गेलेला एक जीव भरायला ३० मिनिटं लागतात. वाट बघा, मित्रांकडे मागा, नाहीतर पैसे मोजा. मी वाट बघते, आणि खरं सांगायचं तर जीव संपले की उठायला बरं निमित्त मिळतं. पण त्याच क्षणी बोट 'विकत घ्या'कडे जायला लागलं तर गेम काढा.

पैसे द्यायचेच असतील तर पंधरा दिवस टिकलेल्या गेमला द्या, आणि एकदाच द्यायचे असतील तर. जाहिराती काढायला एकरकमी रक्कम मागणारे गेम मला प्रामाणिक वाटतात. दर आठवड्याला पैसे कापणाऱ्यांपासून लांब राहा. ॲप काढून टाकलं तरी वर्गणी चालूच राहते, ती स्टोअरमध्ये जाऊन वेगळी रद्द करावी लागते. चुकून काही विकत घेतलं गेलं तर गूगल प्लेकडे ४८ तासांच्या आत परतावा मागा. घरात लहान मूल असेल तर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागायची सेटिंग आजच लावा, आणि मोबाइल हातात देताना ॲप पिन करून द्या, म्हणजे ते गेममधून बाहेर पडून तुमच्या ऑफिसच्या ग्रुपवर स्टिकर पाठवणार नाही.

सध्या माझ्याकडे एकच टिकलाय: सायमन टॅथम यांचा कोड्यांचा संग्रह. चाळीसच्या आसपास कोडी, जाहिरात नाही, नेट लागत नाही. दिसायला अगदी सरकारी फॉर्मसारखा, पण माझं स्टेशन एकदाही चुकलेलं नाही. काकूंनी ल्यूडो घेतलाय, एकच मोबाइल चौघांत फिरवून खेळायचा. रविवारी दुपारी त्यांच्याकडे बैठक असते. मला हिरव्या सोंगट्या मिळतात, कारण लाल काकूंच्या, आणि त्यावर चर्चा होत नाही.