मॉडिफाय केलेल्या बाईकला शोरूमचं सॉफ्टवेअर अपडेट घ्यावं का?

"तुमच्या गाडीचं अपडेट आलंय, आणून लावा," असा शोरूममधून फोन आला की सायलेन्सर बदललेला, रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरमधले आकडे बदलणं) करून घेतलेला मालक एक तर फोनच टाळतो, नाही तर काही न सांगता गाडी नेऊन देतो. दोन्हींत गाडीचंच नुकसान आहे. बीएस-६ आल्यापासून, म्हणजे १ एप्रिल २०२० पासून, १००-१२५ सीसीच्या गाड्यांतही फ्युएल इंजेक्शन, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशोबाने पेट्रोल सोडणं, आलं, त्यामुळे हा प्रश्न आता फक्त मोठ्या बाईकवाल्यांचा राहिलेला नाही.

आधी बघा, बदल नेमका कुठे केलाय. नुसता सायलेन्सरचा मागचा डबा बदलला असेल आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) कंपनीचाच असेल, तर अपडेट बिनधास्त घ्या. इंजेक्टरच्या वायरिंगवर पेट्रोल कमी-जास्त करणारा वेगळा बॉक्स बसवला असेल, तर अपडेटने त्यातली सेटिंग पुसली जात नाही. पण ईसीयूमधला कंपनीचा मॅप (कधी किती पेट्रोल सोडायचं त्याचा तक्ता) बदलला तर बॉक्सचा हिशोब चुकू शकतो. ईसीयूच रिमॅप केला असेल, तर शोरूमची फाईल त्यावर लिहिली जाते आणि तुमचा मॅप जातो.

मग सर्व्हिस ॲडव्हायजरला विचारा, अपडेट कशासाठी आहे? एबीएसचं असेल तर ते सहसा वेगळ्या युनिटमध्ये जातं, इंजिनच्या मॅपला हात लागत नाही. चालू गाडी बंद पडणे, थ्रॉटल अडकणे अशा दोषावरचा रिकॉल असेल तर माझं मत स्पष्ट आहे: मॅप गेला तरी चालेल, अपडेट घ्या. मॅप परत करता येतो. गगनबावड्याच्या घाटात, पावसात, मागे एसटी असताना इंजिन बंद पडलं तर काय होईल याचा विचार करा.

गाडी देण्याआधी ट्यूनरकडून (रिमॅप करणाऱ्याकडून) आपल्या मॅपची फाईल घेऊन ठेवा, बॅटरी पूर्ण चार्ज करा (फ्लॅशिंग, म्हणजे ईसीयूत नवीन फाईल लिहिणं, मध्येच तुटलं तर ईसीयू निकामी होऊ शकतो), बाहेरचा बॉक्स काढून ठेवा आणि सगळे बदल जॉबकार्डवर लिहून घ्या. लपवू नका. वॉरंटीचा प्रश्न निघेल, पण तो नंतर निघण्यापेक्षा आताच निघालेला बरा.

अपडेटनंतर बहुतेकजण चुकतात ते इथे. जुनी फाईल तशीच परत टाकली, तर शोरूमने केलेली दुरुस्तीही पुसली जाते. ट्यूनरला सांगा, नवीन कंपनीची फाईल वाचून घे आणि आपले बदल तिच्यावर कर. तोपर्यंत गाडी सावकाश चालवा. एकसारख्या वेगात ऑक्सिजन सेन्सर पेट्रोल-हवेचं मिश्रण सावरून घेतो, पण पूर्ण थ्रॉटलला ईसीयू मॅपमधल्या आकड्यांवरच चालतो. कॅम, पिस्टन किंवा पूर्ण एक्झॉस्ट बदललेल्या इंजिनाला तिथे पेट्रोल कमी पडतं, ते तापतं, ठोकायला लागतं.

रिमॅप झाल्यावर वाघबीळमार्गे पन्हाळ्याला जाऊन या. चढाला गाडी अडखळते का, थ्रॉटल सोडल्यावर फटके मारते का, चेक इंजिनचा दिवा लागतो का, ते बघा. घरी आल्यावर इंजिन थंड होऊ द्या आणि प्लग काढा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढरा पडला असेल तर गाडी परत ट्यूनरकडे न्या.