ह्वेची हुओंग नदी: कधी जावं, कशी पाहावी

सोलापुरातून व्हिएतनामला निघणाऱ्यांची पहिली पसंती दिवाळीच्या सुट्टीला असते. मध्य व्हिएतनाममधल्या ह्वे शहरातून वाहणाऱ्या हुओंग नदीसाठी (परफ्यूम रिव्हर म्हणतात ती हीच) तोच काळ सगळ्यात वाईट. आपल्याकडचा पाऊस ओसरतो तेव्हा मध्य व्हिएतनामचा जोर धरतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येचे वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात आणि ह्वे शहरामागच्या चुओंग सोन रांगेला अडून तिथेच कोसळतात. नदी आखूड, वरचा उतार तीव्र आणि डोंगर ते समुद्र मैदान अगदी अरुंद. त्यामुळे डोंगरात पडलेलं पाणी काही तासांत शहरात पोचतं. भीमेच्या पुरासारखी आदल्या दिवशी चाहूल लागेलच असं नाही. नावा बंद होतात, काठचे रस्ते बुडतात आणि पाणी गढूळ तांबडं होतं.

फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ धरा. फेब्रुवारीत रिमझिम असते, पातळ रेनकोट पुरतो. मुलांच्या परीक्षांमुळे एप्रिलच्या उत्तरार्धातच जमणार असेल तर 30 एप्रिल आणि 1 मे टाळा. व्हिएतनामची ती जोडसुट्टी असते आणि रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत. चांद्र नववर्षाचा, म्हणजे तेतचा आठवडाही टाळा.

ई-व्हिसाचा अर्ज निदान दोन आठवडे आधी भरा. नाव पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट लिहा. मधलं नाव गाळलं तर विमानतळावर अडवू शकतात.

रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई, तिथून थेट विमानाने हनोई किंवा हो चि मिन्ह सिटी, पुढे देशांतर्गत विमान. ह्वेच्या फू बाई विमानतळापेक्षा दा नांगला उतरून रेल्वेने जा, असं आम्ही सांगू. अंतर सुमारे 100 किलोमीटर, अडीच-तीन तास. गाडी हाय व्हान घाटात समुद्राला चिकटून चालते. दा नांगहून येताना उजवी खिडकी घ्या.

आता नदी. बहुतेक लोक संध्याकाळी ड्रॅगनच्या तोंडाच्या नावेत तासभर बसतात आणि हुओंग पाहिली म्हणतात. त्या तासात शहरातला सपाट तुकडाच दिसतो. खरी नदी वरच्या अंगाला आहे. तेव्हा सकाळी सहाला सायकलने किंवा टॅक्सीने उजव्या (प्रवाहाच्या दिशेने पाहता) काठाने वर जा आणि पाण्याच्या दिशेने खाली या. भाड्याची मोटारसायकल नको. भारतातला आंतरराष्ट्रीय परवाना 1949 च्या रस्ता-वाहतूक करारावर निघतो, व्हिएतनाम 1968 चा करार मानतो. अपघात झाला तर विम्याचा दावा फेटाळला जाऊ शकतो.

शहरापासून सुमारे 12 किलोमीटरवर बांग लांग संगम. ता चाक आणि हूउ चाक हे दोन प्रवाह इथे मिळतात आणि हुओंग नाव सुरू होतं. मुखापर्यंत ती इथून साधारण 30 किलोमीटर वाहते. पूल ओलांडला की मिन्ह मांग बादशहाची समाधी. तळी, पाइनची झाडं आणि एका सरळ रेषेत ओवलेली दालनं. दोन तास द्या, घाई करू नका.

परतताना व्होंग कान्ह टेकडीवर थांबा. चढ किरकोळ, पण नदीचं वळण इतकं मोकळं दुसरीकडून दिसत नाही. समोरच्या काठावर होन चेन मंदिर आहे. तिथली देवी थिएन य आ ना, मूळची चाम लोकांची पो नगर. पलीकडे जायला छोटी नाव मिळते.

मग दा व्हिएन पुलावरून डाव्या काठाला या आणि पुन्हा पश्चिमेला वळून थिएन मू पॅगोडा गाठा. स्थापना 1601 ची, सात मजली मनोरा 1844 चा. प्रवेश फुकट. नावेत बसायचंच असेल तर इथून शहराकडे, ऊन उतरल्यावर. ठरवताना भाडं डोईमागे की पूर्ण नावेचं, किती वेळ आणि कुठे उतरवणार, एवढं कागदावर लिहून घ्या. लाइफ जॅकेट मागून घाला. नावेत वस्तू दाखवतात. नको असेल तर हसून मान हलवली की पुरे. शेवट 1899 च्या सहा गाळ्यांच्या चुओंग तिएन पुलापाशी. पुढे नदी थुआन आनजवळ ताम जियांग खाजणाला मिळते. वेळ उरला तरच जा.

हिशेबासाठी डोंगचे (तिथलं चलन) तीन शून्य काढून उरलेल्या आकड्याची साडेतीन पट करा, रुपयांचा ढोबळ अंदाज येतो.

शाकाहाऱ्यांनी हॉटेलात ‘चाय’ (chay, म्हणजे शाकाहारी) लिहिलेलं पाहावं. नुसतं ‘भाजी द्या’ म्हटलं तर त्यात माशांचं पाणी, नुओक माम, असतंच. ह्वेत बौद्ध वस्ती मोठी, म्हणून चाय हॉटेलं बरीच आहेत आणि पौर्णिमा-प्रतिपदेला तिथे गर्दी असते. संगमाच्या बाजूला मात्र खाण्याचे पर्याय थोडे. घरून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी त्या दिवशी सोबत ठेवा.