पोलीस रिपोर्ट लिहिताना: पाहिलेलं, ऐकलेलं आणि वाटलेलं वेगळं ठेवा

वही, पेन, घड्याळ जवळ आहे हे धरूनच चालतो. आधी एक सल्ला डोक्यातून काढून टाका, तो म्हणजे भाषा भारदस्त हवी. 'सदर इसम', 'सदरहू', 'नमूद ठिकाणी' लिहून रिपोर्ट फक्त जड होतो. जागेवर तीन माणसं होती तर त्यातला सदर इसम कोणता हे चार महिन्यांनी तुम्हालाच आठवत नाही. नाव लिहा, नाव कळलं नसेल तर 'लाल शर्टवाला' म्हणा आणि शेवटपर्यंत तेच म्हणा.

वेळा तीन लिहायच्या: घटना कधीची, खबर कधी मिळाली, तुम्ही कधी पोचलात. 24 तासांच्या घड्याळाप्रमाणे. आणि 'मी' लिहायला लाजू नका, 'तपासण्यात आले' म्हटलं की कोणी तपासलं हे विचारलं जाणारच.

आता जिथे बहुतेक जण घसरतात ते. मीही घसरलोय. सुरुवातीच्या दिवसांत एका रिपोर्टात ऐटीत लिहिलं, 'तो दारूच्या नशेत होता व त्याने उडवाउडवीची उत्तरे दिली.' कोर्टात वकिलाने शांतपणे विचारलं, साहेब, प्रश्न काय विचारला होता? उत्तर काय आलं? माझ्याकडे काहीच नव्हतं. माणूस खरंच प्यायलेला होता, पण कागदावर होतं ते फक्त माझं मत.

तेव्हापासून प्रत्येक वाक्याला विचारतो की हे मला कसं कळलं? मी पाहिलं, कोणी सांगितलं की मला वाटलं? वाटलेलं असेल तर कशामुळे वाटलं ते लिहायचं. म्हणजे नशेत होता असं नाही, तर तोंडाला दारूचा वास येत होता, बोलताना जीभ अडखळत होती, भिंतीला धरून उभा होता. उडवाउडवी नाही, तर कुठून आलात विचारल्यावर आधी कामावरून म्हणाला, लगेच घरून म्हणाला. 'संशयास्पद हालचाल' हा शब्द तर मी बंदच केलाय, मला बघून त्याने पिशवी गाडीखाली सरकवली एवढं लिहिलं की संशय वाचणाऱ्याला आपोआप येतो.

ऐकलेलं ज्याचं त्याच्या तोंडी ठेवा. '22:10 ला काच फुटली' आणि 'शेजारी म्हणाले, 22:10 च्या सुमारास काच फुटल्याचा आवाज आला' यात फार फरक आहे, कारण पहिल्यात तुम्ही स्वतः तिथे उभे होतात असा अर्थ होतो. धमकी असेल तर जशीच्या तशी, शिवी असली तरी, तिथे टिंबं टिंबं नकोत. सोन्याच्या चेनला 'पिवळ्या धातूची चेन' लिहितात त्यावर लोक हसतात, पण जुन्या पद्धतींतली ही मला पटलेली आहे, उद्या ती पितळेची निघाली तर? फिर्यादी सोन्याची म्हणतोय, तर त्याच्या नावाने तसं लिहा.

आणि जे दिसलं नाही तेही लिहा. चेहरा दिसला नाही, तर दिसला नाही. दिसला असेल तर किती अंतरावरून आणि कोणत्या उजेडात. आरोपीच्या फायद्याची गोष्ट गाळली तर ती पुढे निघतेच, आणि मग उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

बाकी किरकोळ. अंतर हलणाऱ्या गोष्टींपासून मोजू नका, खांब आणि भिंतीचा कोपरा असे दोन पक्के बिंदू धरा. गाडीचा नंबर गाडीवरूनच वाचून घ्या. हाताने लिहिताना चूक झाली तर एक रेघ मारून बाजूला सही, व्हाइटनर अजिबात नको. जुना रिपोर्ट कॉपी करून नावं बदलायची सवय असेल तर आजच सोडा, कुठेतरी जुनं नाव राहतंच.

शेवटी जागेवर नसलेल्या सहकाऱ्याला वाचून दाखवा. तो 'म्हणजे कोण?' म्हणाला की तेवढं वाक्य परत लिहा, सही त्यानंतर.