राणीच्या बागेतील जुन्या वृक्षांसाठी स्वयंसेवक म्हणून काम कसे करावे

भायखळ्याची राणीची बाग, म्हणजेच आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. तेथे बहुतेकांची पावले पेंग्विनकडे वळत असली, तरी आफ्रिकेतील गोरखचिंच, दक्षिण अमेरिकेतील कैलासपती आणि म्यानमारची उर्वशी असे वृक्ष एकाच आवारात वाढवणारे हे मुळातले वनस्पतिउद्यान आहे. अशा ठिकाणी मदत करू इच्छिणाऱ्याने खुरपे हाती घेण्याची घाई करू नये. माळीकाम जाणणारी माणसे तेथे आहेत. उणीव असते ती ठरावीक झाडांकडे वर्षभर नियमाने पाहणाऱ्याची.

बाग महानगरपालिकेची असल्यामुळे प्रथम उद्यान विभागाकडे लेखी अर्ज करावा आणि त्यात कोणते काम, कोणत्या दिवशी व किती वेळ करणार हे स्पष्ट लिहावे. बुधवारी बाग सहसा बंद असते, हेही ध्यानात घ्यावे. महाराष्ट्रात नागरी भागातील वृक्षांना १९७५ च्या कायद्याचे संरक्षण असल्याने फांदी कितीही वाळलेली दिसली तरी स्वयंसेवकाने कोयता चालवू नये. बांडगूळ, पोखरलेला बुंधा किंवा लोंबकळणारी फांदी आढळल्यास छायाचित्र काढून कार्यालयाला कळवावे.

सुरुवातीला दहा-बारा झाडेच निवडावीत. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर बुंध्याचा घेर मोजावा, आणि नवी पालवी, कळ्या, फुले, शेंगा व पानगळ यांची तारीखवार नोंद ठेवावी. पाहण्याची सवय किती आवश्यक आहे, हे उर्वशीपाशी उमगते. तिची कोवळी पाने गुलाबी-तपकिरी रंगाच्या झुपक्यांनी सरळ खाली लोंबत असतात आणि नवख्या माणसाला ती पाण्यावाचून सुकल्यासारखी वाटतात. काही दिवसांनी तीच पाने हिरवी होऊन ताठ होतात. तेवढा धीर न धरता कोणी बादलीमागून बादली ओतली, तर मुळांशी पाणी साचून झाडाचे नुकसान मात्र होईल.

हाताने करण्याजोगे काम माळ्यांना विचारून आणि त्यांच्या सोयीनेच घ्यावे. आळ्यातील प्लास्टिक वेचणे आणि पालापाचोळ्याचा दोन-तीन इंचांचा थर पसरणे ही त्यांतली खरोखर उपयोगी कामे होत. पाचोळा बुंध्याला टेकू देऊ नये, वीतभर जागा मोकळी सोडावी, नाहीतर ओलाव्याने साल कुजते. बुंध्याभोवती मातीचा ढीग रचणे दिसायला नीटनेटके असले, तरी त्याने मुळांना हवा मिळेनाशी होते. सालीत खोल रुतलेला खिळा स्वतः उपटू नये. मोकळी जागा दिसली म्हणून घरून आणलेले रोप लावण्याचा उत्साह तर कटाक्षाने आवरावा, कारण जुन्या बागेतील मोकळी जागाही तिच्या रचनेचाच भाग असते.

नोंदी किती कामी येतात, याचा दाखला याच बागेने दिला आहे: २००७ च्या सुमारास पुनर्विकासाचा आराखडा पुढे आला, तेव्हा नागरिकांनी येथील वृक्षसंपदेची माहिती गोळा करून बागेची बाजू मांडली. म्हणून वहीत झाडाचे स्थान जवळच्या वाटेच्या किंवा वास्तूच्या खुणेसह लिहावे, ओळख पटली नसेल तर नावापुढे प्रश्नचिन्ह ठेवावे, आणि दर पावसाळ्यापूर्वी वहीची एक प्रत उद्यान विभागाकडे देऊन तिची पोच घ्यावी.