टमी टकच्या आधी आणि नंतर काय खायचं, काय शिजवून ठेवायचं

टमी टकमध्ये पोटावरची सैल कातडी काढतात आणि बहुतेक वेळा मधोमध फाकलेले स्नायूही जवळ ओढून आतून शिवतात. कुंथणं, उलटी, खोकला, गॅस यांचा ताण थेट त्या शिवणीवर येतो. म्हणून या ऑपरेशनच्या आहारात वजनापेक्षा बद्धकोष्ठतेचा विचार आधी करायचा.

शेवटच्या महिन्यात वजन उतरवायला उपाशी राहू नका. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि उपासमारीत नेमकी तीच कमी पडतात. दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं धरा, म्हणजे ६५ किलोच्या माणसाला साधारण ८० ते ९५ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम शिजवलेल्या मसुरीत ९, १०० ग्रॅम शिजलेल्या चिकनमध्ये २५च्या आसपास. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा हिशोब डॉक्टरांनाच करू द्या. हिमोग्लोबिन आधीच तपासून घ्या. ते कमी निघालं तर चार दिवसांत भरून येत नाही.

सिगारेट, तंबाखू आणि निकोटिनचे च्युइंगगमसुद्धा निदान चार आठवडे आधी बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि ताणून शिवलेल्या कातडीची कड काळी पडू शकते. फिश ऑइल, ई जीवनसत्त्व, लसणाच्या कॅप्सूल यांनी रक्तस्राव वाढू शकतो, त्यामुळे घेत असलेली प्रत्येक गोळी सर्जनला सांगा. रक्त पातळ करणारी औषधं मात्र स्वतःच्या मनाने थांबवू नका. वजन कमी करण्याचं इंजेक्शन चालू असेल तर भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगा, कारण त्याने अन्न पोटात जास्त वेळ राहतं.

स्वयंपाक दोन-तीन दिवस आधी उरका. ऑपरेशननंतर काही दिवस कंबरेत वाकूनच चालावं लागतं, ओट्याशी उभं राहवत नाही, आणि साधारण सहा आठवडे जड उचलायचं नसतं. भरलेला कुकर किंवा पाण्याचा हंडा यातच मोडतो. सूप, डाळ, शिजवलेलं चिकन एकेका वेळेपुरत्या डब्यांत भरा, दोन तासांच्या आत गार करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि डब्यावर तारीख लिहा. नुसत्या फ्रिजमधलं तीन-चार दिवसांत संपवा. गरम करताना मधोमध वाफ निघेपर्यंत थांबा. रोजची भांडी कंबरेच्या उंचीवर काढून ठेवा.

ऑपरेशनच्या दिवशी साधारणपणे हलकं जेवण सहा तास, तेलकट किंवा मांसाहारी आठ तास आणि साधं पाणी दोन तास आधी थांबवतात. तुमच्या भूलतज्ज्ञांनी वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा. पोट भरलेलं असलं की भुलीत अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

घरी आल्यावर घोट-घोट पाणी, मग पातळ सूप, मळमळ नसेल तर मऊ अन्न. ऑपरेशननंतर पोटावर बांधलेल्या घट्ट पट्ट्यामुळे एकदम जास्त खाल्लं की जळजळ होते, म्हणून दिवसात पाच-सहा वेळा थोडंथोडं खा. सोड्यासारखी फसफसणारी पेयं, कोबी, राजमा पहिला आठवडा नको. गॅसने पोट तट्ट फुगतं. खारट पदार्थांनी सूज रेंगाळते.

वेदनाशामकांपैकी अफूवर्गीय गोळ्यांनी आतड्याची हालचाल मंदावते. शौच मऊ करणारं औषध डॉक्टरांकडून पहिल्या दिवसापासूनच मागून घ्या, तिसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. प्रून (सुकवलेले आलुबुखार), पपई, ओट्स, शिजवलेल्या भाज्या हळूहळू वाढवा. इथे एक चूक फार होते. पाणी न वाढवता नुसता चोथा वाढवला की मल उलट घट्ट होतो. इसबगोल एक चमचा घेतलं तर सोबत पूर्ण ग्लासभर पाणी हवंच, आणि इतर औषधांपासून दोन तासांचं अंतर. वेदनाशामक गोळ्या चालू असेपर्यंत दारू पूर्ण वर्ज्य.

तीन दिवस शौच झालं नाही, पोट फुगत चाललं, उलट्या थांबत नाहीत किंवा ताप आला, तर सर्जनला लगेच फोन करा. एका पोटरीला सूज किंवा दम लागणं असेल तर फोनवर न थांबता थेट तातडीच्या विभागात जा.