थ्रॉटल दिला की आरसी ट्रक एका बाजूला पळतो? या चुका टाळा

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारा खेळातला ट्रक एका बाजूला ओढतोय म्हटलं की बहुतेकांचा हात आधी रिमोटच्या स्टिअरिंग ट्रिमकडे (चाकांची सरळ स्थिती जुळवायच्या बटणाकडे) जातो. सगळ्यात मोठी चूक तीच. ट्रिम फिरवून फुल थ्रॉटलला ट्रक सरळ पळेलही, पण थ्रॉटल सोडला की तोच उलट्या बाजूला निघेल.

आधी सपाट सिमेंटवर ट्रक नुसता हाताने ढकलून बघा. तेव्हाही एकीकडे जात असेल तर दोष टॉर्कचा, म्हणजे मोटरच्या पिळणाऱ्या जोराचा, नाही. बेअरिंग जाम असेल, टाय रॉड (चाकं वळवणारी दांडी) वाकला असेल. पावसाळ्यात नागपूरची काळी माती एखाद्याच रिमच्या आत थापली जाते, तीही खरवडून काढा. मात्र पुढे जाताना चॅसी एका बाजूला झुकते आणि रिव्हर्सला दुसऱ्या, असं दिसलं तर तो टॉर्कच.

सॉलिड अ‍ॅक्सलच्या ट्रकना, म्हणजे ज्यांची डावी-उजवी चाकं एकाच आडव्या दांड्यावर असतात त्यांना, हा त्रास जास्त. मोटरचा जोर चाकांकडे नेणारा मधला शाफ्ट फिरताना अ‍ॅक्सलला आपल्याच दिशेने पिळतो आणि चॅसी उलटी पिळली जाते. पुढचा एक टायर जमिनीत रुततो, दुसरा हलका होतो. पकड असमान झाली की ट्रक वळणारच. इथे लोक एका बाजूची स्प्रिंग कडक करून मोकळे होतात. स्प्रिंग दाबणाऱ्या कॉलरचा एखादा फेरा ठीक, त्यापुढे गेलात तर डावं वळण एक आणि उजवं भलतंच. त्यापेक्षा स्वे बार (चॅसीचं झुकणं रोखणारी दांडी) लावा आणि शॉकमध्ये थोडं जाड तेल भरा. ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) पंच, म्हणजे सुटतानाचा झटका, कमी करणं तर फुकटात होतं, तरी ते कोणी करत नाही! टीआरएक्स-४ सारख्या पोर्टल अ‍ॅक्सलमध्ये शेवटचं रिडक्शन, म्हणजे वेग घटवून जोर वाढवणारे गिअर, चाकापाशीच असतं, म्हणून शाफ्टवर टॉर्क कमी येतो आणि पीळही कमी.

एक्स-मॅक्ससारख्या इंडिपेंडंट सस्पेन्शनच्या (प्रत्येक चाक स्वतंत्र वर-खाली होतं अशा) ट्रकमध्ये डिफ, म्हणजे दोन चाकांत जोर वाटणारा गिअरबॉक्स, चॅसीलाच बोल्ट केलेला असतो, त्यामुळे शाफ्टचा पीळ सस्पेन्शनपर्यंत पोचत नाही. तिथे स्प्रिंगमागे लागू नका, सर्व्हो सेव्हर तपासा. सर्व्हो म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटर, आणि सेव्हर म्हणजे तिला धक्क्यापासून वाचवणारा स्प्रिंगचा जोड. ट्रक बंद असताना पुढची चाकं हाताने वळवा. सर्व्होचा हॉर्न (त्यावरची छोटी दांडी) जागचा न हलता चाकं सहज वळली, तर सेव्हरची स्प्रिंग ढिली आहे. जोर आला की चाकं मनाला येईल तिकडे जाणार. लहान ट्रकमध्ये जुनी टू-एस (दोन सेलची) बॅटरी असेल तर फुल थ्रॉटलला व्होल्टेज पडून सर्व्हो लुळा पडतो. तेही टॉर्कसारखंच दिसतं.

स्लिपर क्लच (जास्त जोर आला की घसरून झटका खाणारा क्लच) पूर्ण आवळून ठेवणारेही बरेच. व्हीली (पुढची चाकं उचलणं) छान बसते, पण सगळा झटका थेट शाफ्टवर जातो. ट्रक सुटताना पहिलं फूटभर बारीक 'सुंई' ऐकू यावी इतका तो सैल हवा.

आणि डिसेंबरात जमवलेलं सेटिंग मे महिन्यात चालेल असं धरू नका. ४५ अंशांत शॉकमधलं सिलिकॉन तेल पातळ होतं, चॅसी जास्त डुलते. उन्हाळ्यापुरतं नेहमीपेक्षा एका नंबराने जाड तेल भरा, आणि ट्रक संध्याकाळीच काढा.